पोस्ट वाचवण्याचा अर्ज

तुम्ही शेवटचं पत्र पोस्टात कधी टाकलंत?

भिलईतलं आमच्या वस्तीचं छोटं पोस्ट बंद पडू नये, सरकारनं त्याला अनुदान द्यावं, म्हणून मी घरोघरी सह्या गोळा केल्या. तिथल्या खिडकीतल्या नागपूरकडच्या बाई रोज तारखेचा शिक्का आधी रद्दीवर उठवून बघत, मगच काम सुरू करत. मी त्यांना ऐटीत पावती दाखवली. "ताई, अर्ज दिल्लीला गेला!"

त्यांनी चष्मा सावरून पावती वाचली. "कावून भाऊ, पोस्ट वाचवाचा अर्ज कुरिअरनं धाडला?" त्या हसल्या. मग कोरडाच शिक्का पुसत म्हणाल्या, "सकाळपासून याले एक पाकीट नाही भेटलं."

मी पावती घडी करून खिशात टाकली. अनुदान आपण मागूच. पण उद्या एक पत्र लिहा आणि जवळच्या पोस्टात स्वतः नेऊन द्या.