नोझलसमोर धरलेला हात

माझा देवावरचा विश्वास उडाला होता असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. तो फारसा कधी नव्हताच. आई जायची म्हणून शिवरात्रीला तापीकाठच्या प्रकाशा गावी जाऊन केदारेश्वरावर पाणी घालायचं, एवढीच माझी भक्ती. खरा भरवसा होता तो स्वतःच्या हातावर आणि कानावर. शहाद्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी ऑइल इंजिनावर मिस्त्री होतो. इंजिन नुसतं खोकलं तरी मला दुखणं कळे, आणि ते चारचौघांत सांगायची मला भारी हौस होती.

लढाईची वर्षं होती. सुटे भाग मिळत नव्हते, जुन्यावरच भागवावं लागे. त्या वर्षी हंगामाच्या ऐन भरात इंजिन काळा धूर ओकू लागलं आणि ठोके चुकवू लागलं. त्याला दोन सिलिंडर होते. मी चालू इंजिनावरच एकेका सिलिंडरच्या तेलनळीचा नट सैल करून पाहिला. पहिल्याचा नट सैल करताच इंजिन दबलं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसऱ्याचा सैल केला, तर आवाजात तिळमात्र फरक पडला नाही. चोर सापडला. मग इंजिन थांबवून त्याचं तेल फवारणारं नोझल काढलं आणि उघड्यावर नळीला उलटं जोडलं. मदतनीस दांड्याने पंप मारू लागला. नोझल चांगलं असेल तर तेल जबर दाबाने धुक्यासारखं उडतं आणि टर्र टर्र वाजतं. बिघडलेलं असेल तर धार एका अंगाला जाते, टोकाला थेंब लोंबतो. हे पाहायला मी नेहमी समोर कागद धरीत असे.

पण वर्षभरापासून माझी नजर मंदावली होती, आणि हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या धुरकट खोलीत मला ना धुकं दिसे, ना कागदावरचा डाग. मालक शेठ दारात उभे. म्हणाले, "मिस्त्री, बाहेर गाड्या उभ्या शेतस. काय कळनं?" दिसत नाही म्हणायची लाज वाटली. मी कागद टाकला आणि नोझलसमोर तळवाच धरला, म्हटलं हाताला धार कळेल. मधल्या बोटाच्या मुळाशी सुई टोचल्यासारखं झालं. रक्ताचा थेंबही आला नाही. "धार बारीक आन् वाकडी शे," मी ऐटीत सांगितलं, नोझल घासून बसवलं, आणि तासाभरात इंजिन सुरळीत चाललं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी मी खुशीत होतो.

संध्याकाळपर्यंत हात ठणकू लागला. बायकोने हळद गरम करून बांधली. सकाळी पाहिलं तर हात सुजून भाकरीएवढा झाला होता, आणि मधलं बोट पांढरं, थंडगार पडलं होतं. इतक्याशा टोचण्यासाठी दवाखान्यात कशाला जायचं, असं मलाच वाटत होतं. बायको म्हणाली, "महादेवले नवस बोला, तोच हात राखी." मी भ्यालो होतो. मिस्त्रीचा उजवा हात गेला तर त्याच्याकडे उरतं काय? बैलगाडी जोडून आम्ही प्रकाशाला निघालो.

घाटाच्या पायरीवर बसून मी हात तापीच्या पाण्यात धरला. पाणी गार होतं, पण हातातली आग काही कमी होईना. शेजारच्या पायरीवर एक उतारवयाचा माणूस अस्थींचं लाल फडक्यात बांधलेलं गाडगं घेऊन बसला होता. भटजी त्याच्यासमोर दर्भ मांडत होते. तो बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिला आणि मग एकदम उठून माझ्याजवळ आला.

"हात दखाड, भाऊ. काय टोचनं?"

मी इंजिनाचं सांगितलं. त्याने माझं बोट दाबलं, वास घेतला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हाई टोचणं नई शे. तेल आत घुसेल शे. ऊठ, नंदुरबारले चाल."

"पाणी तर घालू द्या देवले," बायको म्हणाली.

"देव आठेच ऱ्हाई, बहीण. हात नई ऱ्हावाव."

भटजी हाका मारत राहिले. त्याने गाडगं काखेत घेतलं, आम्हाला नावेत बसवलं आणि पैलतीरावर कापसाची एक लॉरी आडवा उभा राहून थांबवली. दिवस कलायच्या आत आम्ही नंदुरबारच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी तळवा उघडला तेव्हा आतून काळं तेल आणि पू निघाला. दोन बोटं काढावी लागली. आणखी एक दिवस गेला असता तर कोपरापासून हात, कदाचित जीवही गेला असता, असं ते म्हणाले.

शुद्धीवर आलो तेव्हा तो बाकावर बसलेला होता, गाडगं मांडीवर. तुम्हाला हे कसं कळलं, असं मी विचारलं. त्याने गाडग्यावर हात ठेवला.

"हाऊ मन्हा धाकला भाऊ. तो बी इंजिनवर व्हता. असंच टोचनं. चार दिन आम्ही हळद लावी बसनूत. आम्हले सांगाले कोणी नव्हतं."

मी भिंतीकडे तोंड करून रडलो. दुसऱ्या दिवशी राहिलेला विधी करायला तो प्रकाशाला परत गेला.

त्याला बरीच वर्षं झाली. नजर मंदावल्याचं मी सगळ्यांना सांगून टाकलं. आता कागद मी धरतो आणि धार दुसरा पाहतो. लोक म्हणतात, महादेवाने तुला वाचवलं. मीही तसंच मानतो, आणि मानताना मला फार जड जातं. माझ्यासाठी घाटावर माणूस बसवला, मग त्याच्या भावासाठी का नाही? दर शिवरात्रीला हा प्रश्न घेऊन मी केदारेश्वरापुढे बसतो. आधी त्या भावाच्या नावाने पाणी घालतो, मग माझ्या. मी उठतो, तीन बोटांनी पिंडीला हात लावतो आणि घरी येतो.