गंगीचा तोबरा

तर बायांनो, सकाळी सगळ्यात आधी आले आमचे राणीसावरगावचे व्याही, अन् तेही पायी! पाव्हणं दिसलं की मला लय आनंद. मी चेष्टा केली, "काय हो, घोडं रुसलं का?"

"त्याला गोळी घातली, ईहीणबाई," व्याही म्हणाले.

मागनं जनावरांचा डाक्टर आला. व्याह्यांच्या घोड्याचं नाक गळायचं, तो लागट, एकाचा दुसऱ्याला होणारा रोग निघाला म्हणे. त्यानं आमच्या गंगी घोडीच्या मानेतून बाटलीत रक्त काढलं. गंगी हालली बी न्हाई. मेंढरं घेऊन निघालो की आमचं बिऱ्हाड, कोकरं, नातवंडं हिच्याच पाठीवर असतात.

"त्या घोड्यानं हिच्या खाण्यातलं काही खाल्लं का?" डाक्टरानं विचारलं.

आपल्यात पाव्हण्याच्या घोड्याला आपल्याच घोडीचा तोबरा, दाण्याची पिशवी, आधी तोंडाला बांधतात. संक्रांतीला व्याही आले तवा मीच हौसेनं हरभरे भरून बांधला होता.

"रक्तात रोग दिसला तर हिलाही मारावं लागेल. तोबरा जाळा. लेकरं लांब ठेवा."

नात दारातूनच गंगीला हाका मारायलीय. तुमीच सांगा, पाव्हण्याचं घोडं उपाशी ठेवायचं होतं का?

पाव्हणा येऊच नये, असं आज पहिल्यांदा वाटायलंय. डाक्टर रक्ताचा निकाल घेऊन बेस्तरवारी येतो म्हणून गेलाय.