मोबाइलमधल्या सरांपुढे आई

मित्रांनो, आई कोरोनातून उठल्यावर तिला श्वासाच्या व्यायामाचा व्हिडिओ लावायला शिकवला होता. मग मी पॉझिटिव्ह, म्हणून शेजारच्या खोलीत. रोज दाराआडून व्हिडिओतल्या सरांचा आवाज यायचा, "शाब्बास, छान करताय!" मी निश्चिंत.

आज बाहेर आलो, तर आई पदर सावरून मोबाइलसमोर नुसती बसलेली.

"आई, पालथं झोपायचंय ना?"

"परक्या माणसापुढं? लाज हाय का न्हाई? आन् ते तर रोज छानच म्हणत्यात."

व्हिडिओ आधीच काढलेला आहे, त्यांना तू दिसत नाहीस, असं समजावलं. ती ओशाळली. पालथी झाली आणि लगेच धाप लागली.

फोनवर डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, दाखल करा. आमच्या पाली गावापासून बीड जवळ. पण तिथे एकही खाट रिकामी नाही.

आई विचारतेय, "उद्यापासून नीट करते. व्हईल ना रं बरं?"

काय सांगू तिला?