पुण्याचं स्थळ

“माहेर पाठीला हाय ना तिचं, ती कशाला हलती इथून! पोरगं तिच्यापायी अडकून पडलंय, दुसरं काय?”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी ते ऐकायला नको होतं. ऐकलं ते ऐकलं, वर त्यावर विश्वास ठेवला, आणि त्या एका वाक्याच्या जोरावर माझा नवाकोरा संसार उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवला. काय बोलायचं आता! दिवसभरात मोजकंच बोलणाऱ्या बाईनं बोलून घोळ घातला, यावर माझ्या माहेरचे लोक अजून विश्वास ठेवत नाहीत.

तर त्याचं असं झालं.

लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. सासर मखमलाबादकडे, मळ्यात. गुलाब, झेंडू, शेवंती आणि बांधाकडेनं कोथिंबीर. माहेर इंदिरानगरला. म्हणजे नाशिक शहराच्या या टोकाला सासर, त्या टोकाला माहेर, आणि मधे सिटी बसमधली एक डुलकी.

त्या दुपारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आत्याबाई मागच्या ओट्यावर गुलाबाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. आत्याबाई माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. सायखेड्याच्या. हळू बोलणं त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. मी चहा घेऊन दाराशी पोचले आणि नेमकं ते वाक्य कानावर आलं. त्याच्या आधी काय झालं ते मला माहीत नाही, आणि नंतरचं ऐकायला मी थांबले नाही. शहाण्या सुनेनं जे करायचं तेच केलं. उलट्या पावली स्वयंपाकघरात गेले, चहा पातेल्यात ओतला, पुन्हा उकळला, आणि या वेळी चांगल्या कपबशा वाजवत बाहेर आले.

आता तुम्हीच सांगा, ‘ती’ म्हणजे कोण? घरात सून एक. तिचं माहेर पाठीला. आणि अडकलेलं पोरगं तर समोर अंगणात झेंडूची पोती शिवत बसलेलं. हेमंत. माझे यजमान.

हेमंत अडकले होते हे खरंच होतं हो. दिवसच तसे होते. अंबडच्या ज्या कारखान्यात ते इंजिनिअर होते, त्यांनी आधी एक पाळी बंद केली, मग दुपारचा चहा बंद केला, आणि मग हेमंतसकट बऱ्याच जणांना घरी बसवलं. माझी कथा वेगळी नव्हती. मी कॉम्प्युटर शिकायला लागले तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांना लोक रस्त्यात अडवून नोकऱ्या देत होते. मी पास होईपर्यंत तिकडे अमेरिकेत काय कोसळलं कोण जाणे, त्याचा धुरळा थेट आमच्या कॉलेज रोडवर येऊन बसला. मी तिथल्याच एका क्लासमध्ये शिकवत होते. जी नोकरी मला मिळाली नव्हती तिची तयारी मी पोरांकडून करून घेत होते!

आणि हेमंत पहाटे दादांबरोबर, म्हणजे माझ्या सासऱ्यांबरोबर, फुलं घेऊन बाजारात जायचे. तिथला एक व्यापारी त्यांना ‘या इंजिनिअरसाहेब’ म्हणून खुर्ची द्यायचा आणि मग भाव पाडायचा.

तेव्हा गाव शोधणं आलं. आमच्या घरात काहीही निवडायचं म्हटलं की एकच रीत. मोटर असो, म्हैस असो, की शहर. स्थळ बघतात तसं बघायचं. जेवणं झाली की पंक्तीतच सुरू.

“मुंबई?”

“माणसं चांगली. घर लहान.”

“बंगळूर?”

“लांब पडतं. अडीनडीला जायचं कसं? आणि बोलायचं कुणाशी?”

“पुणं?”

“हां. जरा शिष्ट आहे. पण माहितीतलं आहे.”

नाशिकचं नाव कुणी घेत नव्हतं. घरच्या मुलीला कोण पोहे घेऊन बसवतंय!

खरं तर नाशिककडूनही विचारणा झाली होती. सातपूरला एका शेठचं लहानसं वर्कशॉप होतं. त्यांनी निरोप पाठवला होता, पगार पहिल्याएवढा नाही, पण काम आहे, यायचं तर लवकर कळवा. हे हेमंतनी जेवताना सांगितलं ते ‘मीठ दे’ म्हणावं तसल्या आवाजात. पुण्याहून त्यांच्या मित्रानंही एक काम सुचवलं होतं. कंत्राटी, पुढचं पुढं बघू म्हणणारं. तेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. मी त्या दोन सपाट आवाजांतला चढ शोधत बसले. मला वाटलं, सातपूर त्यांना कमीपणाचं वाटतंय. आणि मी चुकून ‘सातपूर बरं’ म्हटलं, की झालंच! बघा, माहेर सुटत नाही.

म्हणून मी बोलले.

“पुणं काही वाईट नाही.”

बस. एवढंच. पण कमी बोलणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते. बडबड्या माणसाचं बोलणं लोक अर्धं सोडून देतात. आमचं एक वाक्य बाहेर पडलं की घर ते ओंजळीत झेलतं. दादांचा घास हातात राहिला. आई माझ्याकडे बघत राहिल्या. हेमंतनी ताटातून मान वर काढली आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी आई शेजारच्या मळ्यातल्या काकूंना सांगताना दिसल्या, “आमच्या शुभाला पुण्याची फार हौस हो.” हौस! मी ‘वाईट नाही’ म्हटलं होतं. तिसऱ्या प्रहरापर्यंत ते ‘सूनबाईंनी पुण्याचं मनावर घेतलंय’ झालं, आणि संध्याकाळी माझ्या आईचा इंदिरानगरहून फोन, “अगं, आम्हाला काही सांगितलं नाहीस! आमचा कंटाळा आला होय एवढ्यात?”

मी काय म्हणणार? म्हटलं, “नाही गं, पुण्यात दोघांनाही काम मिळेल.” हे दुसरं वाक्य. फोन ओसरीवर, आणि ओसरीवर सगळे.

त्या संध्याकाळी हेमंत विहिरीकडे निघाले. मीही गेले. आमचं तेव्हाचं बोलणं मी जसंच्या तसं सांगते, कारण इतका सभ्य गाढवपणा पुन्हा ऐकायला मिळायचा नाही.

“तुला खरंच जायचंय पुण्याला?”

“तुम्हाला जायचंय ना?”

“तुला जायचं असेल तर मला काय.”

“तुम्हाला चालत असेल तर मला चालेल.”

“मला चालेलच की.”

“मग झालं तर.”

“झालं.”

आणि आम्ही दोघं, एकमेकांवर मोठे उपकार केल्याच्या चेहऱ्यानं, गवार तोडून परत आलो.

पुढं सगळं आपोआप घडत गेलं. आईंनी गोडा मसाला करायला काढला. पुण्याचं पाणी जड, पुण्याची डाळ शिजत नाही, असली माहिती कुठून कुठून येऊ लागली. ज्यांना पुण्याबद्दल काही माहीत नव्हतं तेही काहीतरी सांगून जात. मी हसून मान डोलवायची. घरात सगळे म्हणत, बघा, किती खूश आहे.

फक्त दादा काही म्हणत नव्हते. ते त्या वर्षी ओढ्याकडच्या तुकड्यात गुलाबाची नवी कलमं लावणार होते. खड्डे घेऊन झाले होते. एका सकाळी मी पाहिलं, ते खड्डे बुजवत होते. मी विचारलं, “दादा, हे काय?” तर म्हणाले, “राहू दे यंदा. एकट्याला आवरायचं नाही. तुम्ही तिकडं सुखानं राहा.” आणि फावडं टेकवून माझ्याकडे बघून हसले.

तेव्हा बोलायला हवं होतं. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. पण आत्याबाईंचं वाक्य तिथं उभंच होतं, दार अडवून. मी म्हटलं, “पाणी आणू का?”

मग ठरलं, की खोली बघायला जायचं. दोघांनी गेलं असतं तर चाललं नसतं का? पण स्थळ बघायला थोरली माणसं नकोत? दादा, आई, हेमंत, मी, आणि सायखेड्याहून खास बोलावलेल्या आत्याबाई. आमची फुलांची जीप. बाजाराहून आलेली, तशीच. सीटच्या फटींत झेंडूच्या पाकळ्या. बरोबर गुलाबांची टोपली आणि नारळ.

घरमालकीणबाईंनी दार उघडलं आणि आमच्याकडे पाहून अर्धं पुन्हा लावलं.

“किती जण राहणार आहात?”

“दोघं,” दादा म्हणाले.

“मग हे बाकीचे?”

“आम्ही नुसतं बघायला आलोय,” आत्याबाई आत शिरत म्हणाल्या.

“काय बघायला?”

“पुणं!”

बाईंनी नियम सांगितले. पाणी सकाळी तासभर. दार रात्री दहाला बंद. पाहुणेरावळे चालणार नाहीत. हे शेवटचं त्यांनी आत्याबाईंकडे बघून सांगितलं. आत्याबाई भिंतीला हात लावून ओल बघत होत्या.

मी स्वयंपाकघर बघितलं. त्याला खिडकी नव्हती. दिवसाढवळ्या दिवा लावून उभं राहायचं आणि समोर भिंत. मळ्यातल्या स्वयंपाकघरात चूल कुठं आणि शेत कुठं सुरू होतं ते मला अजून नीटसं कळलेलं नव्हतं, आणि इथं ही भिंत.

तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला पसंत आहे ना?”

केवढं साधं होतं! इतक्या दिवसांत हा प्रश्न मला सरळ कुणी विचारला असेल तर त्या परक्या बाईनं. आणि मी काय केलं? मान खाली घातली. अशी मान मी याआधी एकदाच घातली होती, तेव्हा समोर हेमंत होते, आणि ते बरं निघालं होतं.

“पोरगी लाजली. ठरलं म्हणायचं!” आत्याबाईंनी बाईंच्या हातात नारळच ठेवला. बाईंना काही कळेना, पण नारळ कुणाला परत करता येतो का?

परतीच्या वाटेवर आळेफाट्याला चहाला थांबलो. बाकड्यावर ओळीनं बसलो. आत्याबाईंना प्रवासानं आणि यशानं उमाळा आला होता.

“काय म्हण वहिनी, तुझी सून लय धीराची. माहेर पायाशी असून उठून चालली नवऱ्यामागं. नायतर आमची वैशाली! त्या दिवशी नाय का तुला सांगितलं, माहेर पाठीला हाय, ती कशाला हलती? आमच्या विजूला नाशकात चांगलं काम मिळत होतं, पण दोन गल्ल्या सोडून आई हाय ना तिची सायखेड्यात! पोरगं अडकून बसलंय तिच्यापायी.”

माझ्या बशीतला चहा थेट पदरावर.

“आत्या,” मी म्हटलं, “ते वाक्य वैशालीवहिनींबद्दल होतं?”

“मग कुणाबद्दल? माझी सून, मी नाय बोलणार तर कोण बोलणार?” मग त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. पदराकडे बघितलं. “अगं बया! तू ऐकलंस व्हय ते? आन् तुला वाटलं तुलाच?”

मी मान हलवली. म्हणजे हो.

आई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “वन्सं, तरी मी तुम्हाला म्हणते, हळू बोलत जा!”

“म्हणजे,” हेमंत सावकाश म्हणाले, “तुला पुणं नको होतं?”

“तुम्हाला हवं होतं ना?”

“मला? मला सातपूर चाललं असतं. पळालं असतं! तूच म्हणालीस, वाईट नाही.”

“वाईट नाही म्हणजे चांगलं आहे असं कुठं म्हटलं होतं मी?”

मग दादा हसायला लागले. आधी पोटात, मग मोठ्यानं. चहावालाही विनाकारण हसला. “अरे मग सोपं आहे,” दादा म्हणाले, “त्या शेठला फोन लाव. समोर बूथ आहे.”

हेमंत उठले नाहीत. ग्लास फिरवत राहिले.

“परवाच नाही म्हणून कळवलं मी त्यांना. त्यांनी लगेच दुसरा माणूस घेतला. माझ्याच बरोबरचा. त्यालाही घरी बसवलं होतं. त्याला दोन पोरं आहेत.”

हसू तिथंच विरलं. गाड्या जात होत्या. एका बाजूला पुण्याची पाटी, एका बाजूला नाशिकची, आणि मधे आम्ही पाच शहाणी माणसं. जिथं कुणालाच जायचं नव्हतं ते गाव आम्ही अगदी एकमतानं निवडलं होतं. कामाच्या अशा टंचाईत गाव आपण निवडतोय हीच मुळात गंमत. एक बरं चालून आलं होतं, ते मी माझ्या गुणी स्वभावानं घालवलं. दादांचे बुजवलेले खड्डे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. कुणी रागावलं नाही. आत्याबाईसुद्धा पदरानं नुसता वारा घेत होत्या.

“आता कसं करायचं गं शुभा?” आईंनी विचारलं.

गंमत बघा. त्यांनी ना हेमंतना विचारलं, ना दादांना. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि या वेळी कुणीच माझ्या वतीनं उत्तर देत नव्हतं. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे माझं लाडकं वाक्य ओठांवर आलं होतं. मी ते चहाबरोबर गिळलं. बशी बाकड्यावर ठेवली, आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात, थेट आत्याबाईंच्या आवाजात म्हणा ना, म्हटलं:

“पुण्यालाच जाऊ. हातात तेवढंच काम उरलंय. पण दादा, आधी जीप मागं वळवा. ती खोली मला मुळीच पसंत नाही!”