मऊताईचा शनिवारचा बाजार

शनिवारी पहाटे साडेपाचला आमच्या स्वयंपाकघरातली सगळी कपाटं धडाधड उघडतात आणि मला अंथरुणातच कळतं, नणंदबाई उठल्या. चार कापडी पिशव्या, चाकांची टोपली, अंड्यांसाठी पुठ्ठ्याचा खोका, काकड्या गुंडाळायला ओलं फडकं. एवढ्या तयारीत लोक महिनाभराच्या प्रवासाला जाऊन येतात.

"वहिनी, उठलीस का? बाजार सहाला भरतो!"

बाजार सातला भरतो. हे तिलाही पक्कं ठाऊक आहे. पण शेतकऱ्यांना गाड्यांतून माल उतरवताना बघायचं, टोमॅटोच्या पेट्या उघडतात तेव्हा पहिला वास आपल्या नाकात जायला हवा, असा तिचा हट्ट. मी कुरकुरत चपला घालते. खरं सांगायचं तर आता मलाही शुक्रवारी रात्री नीट झोप लागत नाही, पण हे मी तिला कशाला सांगू?

तिला सगळे मऊताई म्हणतात. न भेटलेल्या माणसाला वाटतं, बाई स्वभावाने लोण्याचा गोळा असणार. तसलं काही मनात आणू नका. बोलणं फटकळ, चालणं तरातरा, आणि चुकीला माफी नाही. नाव पडलं ते कामावरून. एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं मऊ आहाराचं टेबल सांभाळलं. ज्यांचा जबडा तारेने बांधलाय, ज्यांना गिळायला त्रास होतो, ज्यांच्या तोंडात दात उरलेले नाहीत, त्यांचं जेवण हिच्या हातचं. तिथे कसोटी एकच. शिजलेली भाजी चमच्याच्या पाठीने दाबायची. चिरडली तर ट्रेमध्ये, नाही तर परत पातेल्यात. चव बघायची तिला परवानगी नव्हती. हातात मोजे, तोंडावर मास्क, आणि चव बघायला आहारतज्ज्ञ बाई स्वतःचा चमचा घेऊन यायच्या.

"एकतीस वर्षांत माझ्या हातचं खाऊन एकालाही ठसका लागला नाही," असं ती सांगते तेव्हा तिची मान ताठ होते. व्हायलाच हवी.

निवृत्त झाल्यावर ती आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. लग्न केलं नव्हतं, आणि भाऊ एकच, तो म्हणजे माझा नवरा. पहिल्याच महिन्यात एका दुपारी भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "एक सांगू वहिनी? इतक्या वर्षांत मला कुणी कधी 'अजून वाढा' म्हणालं नाही. ट्रे परत यायचे ना, तेव्हा मी झाकणं उघडून बघायचे. अर्ध्याहून जास्त तसंच. आजारी माणसं, त्यांचा काय दोष? पण मरायच्या आधी एकदा कुणीतरी माझ्याकडे मागून घ्यावं. एकदाच."

मी काही लगेच डोळ्यांत पाणी आणणारी बाई नाही. पण हातातली बशी पुसायची राहून गेली.

उन्हाळा लागला आणि जुन्या बसडेपोच्या पटांगणात शनिवारचा शेतकरी बाजार सुरू झाला. मी तिला नेलं ते स्वार्थापोटी, पिशव्या उचलायला कुणीतरी हवं म्हणून. तर ही बया टोमॅटोच्या पहिल्याच गाडीसमोर उभी राहून काय म्हणते?

"साठ किलो. आणि सगळे एका मापाचे द्या."

जिभेला वळणच ते. टोमॅटोवालीने आधी हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, घरी किती माणसं?"

"तीन," मी म्हटलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल का याची वाट बघत उभी राहिले.

टोमॅटोवाली मोकळं हसली. उन्हाने रापलेली, चाळिशीची, कोपरापर्यंत मातीचे हात. तिने एक भलामोठा वेडावाकडा टोमॅटो उचलला, चाकूने उभा कापला आणि फोड मऊताईपुढे धरली. मऊताईने ती घेतली आणि इकडेतिकडे बघायला लागली. मला क्षणभर कळेचना, काय शोधतेय. चव बघणाऱ्या बाईला शोधत होती!

"अगं, तूच खायचंय ते!"

तिने खाल्लं. रस मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळला आणि तिने तो पुसलादेखील नाही. मग जी काही सुटली म्हणता! या गाडीवर काकडी, त्या गाडीवर ढोबळी मिरची, तिसरीकडे मक्याचे कच्चे दाणे. मधाच्या बरणीवाल्याने चाखायला काडी दिली तर ती तीनदा परत गेली. साठीची बाई, पण मला तिच्यामागे धावताना धाप लागली. चार पिशव्या भरल्या, टोपली भरली, वर एक टरबूज मी कडेवर घेऊन आले.

आणि मग घरी येऊन तिने ते सगळं शिजवलं. शिजवलं म्हणजे काय, पार गाळ केला. लुसलुशीत फरसबी चाळीस मिनिटं. कणसं तर इतका वेळ उकळली की दाणे आपणहून सुटून पाण्यात तरंगायला लागले. वांगी, मिरच्या, सगळ्यांचा एकच रंग. काकडीसुद्धा उकडली हो! दर दहा मिनिटांनी झाकण निघे, चमच्याची पाठ दाबली जाई, आणि मान हले, "अजून नाही झालं."

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "छान झालंय." त्यांना काहीही दिलं तरी छानच होतं. पण ताटात अर्धं उरलं, आणि ताटं उचलताना मऊताईने ते बघितलं. दर शनिवारी बघितलं. आठ शनिवार.

खोटं खोटं मागून घ्यावं, असं माझ्या मनात कितीदा आलं. पण जिने हयातभर उष्टे ट्रे वाचले, तिच्यापुढे असलं सोंग किती वेळ टिकणार? आणि खरं सांगायला तोंड उघडलं की तिचा तो बाजारातला, रसाने माखलेला चेहरा डोळ्यांसमोर यायचा. मी गप्प बसले. जी मी कधी कुणाला सोडत नाही, ती मी आठ आठवडे मूग गिळून बसले. याची मला आजही लाज वाटते.

नवव्या शनिवारी मऊताईने परस्पर आमंत्रण देऊन टाकलं. टोमॅटोवाली आणि तिचे सासरे पहाटे शेतातून निघतात आणि गाडीमागे उभ्या उभ्या बिस्किटं खाऊन दिवस काढतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. "इतकं सुंदर पिकवता आणि खाता काय, तर पुडा फोडून बिस्किटं? पुढच्या शनिवारी बाजार उठला की आमच्याकडे जेवायला." ते आमंत्रण होतं की हुकूम, देव जाणे.

तो आठवडा काय सांगू! पडदे धुतले. टेबलाचा डुगडुगणारा पाय ह्यांच्याकडून ठोकून घेतला. बुधवारपर्यंत यादी चार वेळा बदलली. "वहिनी, कष्टाची माणसं आहेत, भूक असते त्यांना. ती मागतील, बघ तू. नक्की मागतील." तिचे डोळे नुसते लकलकत होते.

शनिवारी दीड वाजता दोघं आली. सोबत न विकलेल्या मालाची टोपली: फरसबी, चार मिरच्या, कणसं, थोडे टोमॅटो, लसणाची जुडी. सासरे उंच, सत्तरीचे, बोलायला अगदी कंजूष. त्यांना बघताच मऊताई माझ्या कानात पुटपुटली, "वय झालंय गं, गिळायला जड जाईल," आणि फरसबी आणखी दहा मिनिटं गॅसवर गेली.

जेवायला बसलो. टोमॅटोचं सूप, चिरडलेली वांगी, फरसबी, मका, बटाटे. आजोबांनी चार घास घेतले, मग चमचा ताटाच्या कडेला नीट ठेवला. टोमॅटोवाली घाईने म्हणाली, "छान झालंय हो, ताई." अगदी आमच्या ह्यांच्याच सुरात. मऊताईने एकेका ताटावरून नजर फिरवली. तिचा चेहरा उतरलेला मला बघवेना.

"आजोबा, तुम्हाला आवडलं नाही का?"

"मी आजारी नाही हो, बाई," आजोबा म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितलं. "ही शेंग मी पहाटे तोडलीय. ती अशी नसते."

त्यांनी हात लांब करून टोपलीतून फरसबीची एक कच्ची शेंग काढली आणि दाताखाली धरली. कट्‌! मऊताई खुर्चीतून ताडकन उठली, पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याजवळ धावली. "सावकाश! नीट चावा! पाणी घ्या आधी!" आजोबा चावत राहिले, तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी दुसरा तुकडा तोडला. ती पेला धरून उभी, श्वास रोखलेला. ठसका काही लागला नाही. आजोबांनी टोपलीतली दुसरी शेंग तिच्या हातात दिली. तिने ती घाबरत घाबरत दातांत धरली. कट्‌.

मग मात्र माझाच बांध फुटला. "अगं, मी तुला कधीच सांगायला हवं होतं! तू सगळं फार शिजवतेस. फार म्हणजे फार. इथे कुणाचा जबडा बांधलेला नाही!"

"आणि तू गप्प बसलीस?" ती गर्रकन वळली. "इतके दिवस?"

"बसले. चुकलं माझं."

मला वाटलं, आता दार आपटून मागच्या खोलीत जाणार. तिने पेला टेबलावर आदळला, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "मोठी कढई काढ."

आणि मग पंधरा मिनिटं आमच्या घरात नुसता धुमाकूळ! टोमॅटोवालीने फरसबीच्या शिरा काढून हातानेच तुकडे मोडले. मी कणसं उभी धरून सुरीने दाणे सोलले, ते पार दिवाणखान्यापर्यंत उडाले. ह्यांना लसूण सोलायला बसवलं, लग्नानंतर पहिल्यांदा. कढईत तेल तापलं, लसूण तडतडला, वरून फरसबी, मिरची, मका. मऊताईचा हात सवयीने चमच्यांच्या खणाकडे गेला. मी खण बंद केला आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

"दाबून नाही बघायचं. तोंडाने बघ."

"तोंडाने?"

"मग कशाने?"

तिने एक तुकडा चिमटीत उचलला, फुंकला, खाल्ला. "कच्चं आहे." थोड्या वेळाने दुसरा. "मीठ! मीठ कमी आहे गं!" हे तिने अशा आवाजात सांगितलं की जणू हरवलेली वस्तू सापडली. तिसरा. "आता टोमॅटो घाला. पटकन!" चौथा, पाचवा. गाल लाल झालेले, केस कपाळाला चिकटलेले. मग अचानक दोन्ही हात वर करून ओरडली, "थांबा! झालं! आत्ता! उतरवा!"

कढई तशीच टेबलावर आली. ह्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. आमच्या टेबलावर पहिल्यांदाच नुसता चावण्याचा आवाज येत होता, कटकट, करकर. आजोबा पावाच्या तुकड्याने रस पुसून घेत होते. मी मात्र माझं ताट सोडून नवऱ्याच्या ताटाकडे डोळे लावून बसले होते. माग रे बाबा, मनात म्हणत होते, आयुष्यात एकदा तरी वेळेवर तोंड उघड!

"अजून वाढ."

मी दचकले. आवाज माझ्या उजवीकडून आला होता. मऊताईचं ताट माझ्यापुढे आलेलं, चाटूनपुसून लख्ख, आणि तोंडात अजून घास होता. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी कढईत डाव फिरवला. तळाशी तेलाखेरीज काही नव्हतं.

"संपलं गं."

"संपलं?" तिने कढई माझ्या हातून ओढून घेतली, तिरकी करून आत बघितलं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. ती एकदा कढईकडे, एकदा स्वतःच्या ताटाकडे बघायला लागली.

"वहिनी, आत्ता कोण म्हणालं ते? मीच मागितलं का?"

इतक्या माणसांत रडणं मला मंजूर नव्हतं.

"तूच मागितलंस," मी म्हटलं. "आणि तुला वाढायला काही उरलेलं नाही, तेव्हा ऊठ आणि परत गॅस पेटव."