नॅनोची ट्यूब

माझे अलीमामू कळंबोलीत ट्रक टर्मिनलपाशी पंक्चर काढतात. तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस. घरातली गोष्ट दुपारी त्यांच्या कानावर घातली की संध्याकाळपर्यंत पनवेलभर झालीच म्हणून समजा.

२००९ साली मला पीएचडीला प्रवेश मिळाला. अब्बा म्हणाले, शिकली तेवढी पुरे. मामू त्यांच्याशी भांडले. "नशरा शिकंल. जिम्मा माजा!"

"विषय काय तिचा?" अब्बांनी विचारलं.

"कार्बन नॅनोट्यूब," मी म्हटलं. "दाब दिला की तिचं काय होतं, ते बघायचं."

मामूंची कळी खुलली. नॅनो गाडी तेव्हा नुकतीच आली होती. "मंग आपलीच लाईन हाय की! ट्यूबचा दाब मी दाखवतो." मला वाटलं, गंमत करताहेत. अब्बांनी मात्र अट घातली: पोरगी वेळ वाया घालवतेय असं दिसलं, तर त्या दिवशी कॉलेज बंद. लक्ष मामूंनी ठेवायचं.

पुढच्याच वर्षी मामू बिघडले. मी दुकानावर गेले की चहा मागवायचे, माझ्याकडे बघून उसासा टाकायचे. अब्बांनी विचारलं तर "झकास चाललंय," एवढंच. आम्ही त्यांची शुगरसुद्धा तपासून घेतली.

चौथ्या वर्षी, तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"उद्या सायेबलोक विचारतील, म्हणून सांगतो पोरी. नॅनोला ट्यूबच नसते. ट्यूबलेस हाय ती. पयली गाडी पंक्चरला आली, तवाच बगितलं मी."

मी हसून हसून रडले. मग समजावलं, की ही नळी केसाहून हजारो पट बारीक असते. दोन्ही टोकांनी दाबली की काही वेळ ताठ राहते, मग एकदम चुण्या पडून दुमडते. दाब काढला की पुन्हा सरळ.

"तुटत नाय?"

"सहसा नाही."

मामूंचा जीव भांड्यात पडला. माझं हसू मात्र तिथेच थांबलं.

"म्हणजे तीन वर्षं तुम्हाला वाटत होतं, मी नसलेल्या गोष्टीवर अभ्यास करतेय? मग अब्बांना का नाही सांगितलंत?"

मामूंनी हातातली ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे शोधू लागले.

"ट्यूब नव्हती," ते म्हणाले. "पण तू व्हतीस ना."