ह्यांच्या पायातली कापडी नळी आणि रवळनाथाचा कौल

त्या सकाळी रवळनाथाच्या देवळात मी होते, माझ्या सासूबाई होत्या, धाकटे दीर गोविंद भावजी होते, कौल लावणारे गुरव होते, आणि आपल्या पाळीची वाट बघत खांबाला टेकलेली एक अनोळखी म्हातारी होती. आमचे हे तिथे नव्हते. ते घरी खाटेवर निजून होते, आणि सगळं अडलं होतं ते त्यांच्याच पायासाठी.

साठ सालानंतरची गोष्ट. ह्यांच्या मांडीतली रक्ताची शीर बुजली आणि पायाचा अंगठा काळा पडत चालला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी तिथे कापडाची नळी शिवली. निघताना त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "बाई, ही नळी कापडाची असली तरी रक्त वाहत राहिलं की आतून शरीराचं स्वतःचं अस्तर धरते. रक्त जोरात वाहिलं तर अस्तर पातळ, गुळगुळीत येतं. मंदावलं तर जाड साय धरते आणि वाट बुजते. विडी बंद करा, आणि यांना चालवा." मी दुसरी शिकलेली, पण एवढं मला कळलं. आमच्या माडाच्या बागेत पाट आहे. पाणी धावतं तिथे तळ स्वच्छ, साचतं तिथे शेवाळ.

आगबोटीने वेंगुर्ल्याला उतरून घरी आलो. सासूबाईंनी ह्यांना पाऊल टेकू दिलं नाही. "कापाड ता कापाडच. चलताना उसावला तर?" त्यांचा जीव तुटत होता, म्हणून मी उलट बोलले नाही. ह्यांनाही भीती बसली होती. मी रोज पायाला हात लावून बघायची, आणि पाय दिवसेंदिवस गार होत होता. हा पाय जाणार असं दिसायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "आये, देवाक इचारूया." त्या तयार झाल्या.

आमच्याकडे ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. सासूबाईंनी आपल्या मुलासाठी विचारलं, "झिलाक निजवन ठेवलंय, तसोच ठेवू मां?" एकही पाकळी हलेना. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा तेच. गुरव घामाघूम झाले.

खांबाजवळची म्हातारी कंटाळून म्हणाली, "दुखणा कोणाचा गो?"

"माझ्या झिलाचा," सासूबाई म्हणाल्या.

"मगे झील खंय आसा?"

"घराक निजललो आसा."

म्हातारी हसली. "दुखणा तेचा, नि देवासमोर तू उभी! पाकळी पडात तरी कोणासाठी? तेका हंय घेवन ये. चलत घेवन ये हां. पालखीत बसान फक्त देवच फिरता."

गुरवांनी मान हलवली. ज्याचं दुखणं त्यानेच उभं राहायचं, अशी रीतच आहे. पायाचं दुखणं म्हणून आम्हीच ती मोडली होती.

घरी येऊन सांगितलं. वाटेत नळी फुटली तर, म्हणून सासूबाई रडायला लागल्या. हे उठून बसले. "आये, फुटली तर देवाच्या दारात फुटांदे. निजान निजान पाठ कुसली माझी."

वाट शेताच्या मेरेवरून, अरुंद बांधावरून. एका बाजूला भावजी, दुसऱ्या बाजूला मी. थोडं चाललं की पोटरीत कळ यायची. थांबायचं, परत निघायचं. मी रवळनाथाचं नाव घेत होते. ओढ्यावरच्या साकवाजवळ हे टेकले तेव्हा मी पायाला हात लावला. कोमट लागला. उन्हाने असेल म्हणून दुसऱ्या पायाला लावून बघितला. तोही तेवढाच कोमट; म्हणजे दुखऱ्या पायात रक्त धावायला लागलं होतं.

देवळात ह्यांनी हात जोडले. "देवा, चलू मां?" उजवी पाकळी पडली. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "चल, पण धावा नको मेल्या!" गुरवसुद्धा हसले.

म्हातारी निघून गेली होती, आपला कौल न घेताच. कुठली ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला त्यावर काही बोलायचं नाही. मी मनातून तिच्या पाया पडते.

पाय राहिला. हे रोज चालत देवळात जायचे, पुढे बागेतलं शिंपणंही करायला लागले. देवावर भार टाकायचा म्हणजे आपण पडून राहायचं, असं आम्ही समजलो होतो. देवाने तर माणसाला उठवून दारात बोलावलं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी असं दुखणं आलं आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर मायेपोटी माणसाला निजवून ठेवू नका. हात धरा आणि अंगणापर्यंत तरी न्या.